डेंटल क्लिनिकसाठी भाड्याची जागा: भाड्याच्या आधी ड्रेनेज आणि मुदत बघा

डॉक्टर, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की बीडीएसनंतर (डेंटलच्या डिग्रीनंतर) काही वर्षं दुसऱ्याच्या क्लिनिकमध्ये असोसिएट म्हणून काम केलं, आता पुण्यात स्वतःचं क्लिनिक टाकायचंय आणि दोन जागा बघून ठेवल्यात. एक मेन रोडवरचं दुकान, कार्पेट २२० स्क्वेअर फूट, भाडं ४५ हजार. दुसरी त्याच एरियात आतल्या रस्त्याला कमर्शियल कॉम्प्लेक्समध्ये पहिल्या मजल्यावर, लिफ्ट आहे, कार्पेट ४३० च्या आसपास, भाडं ३५ हजार, डिपॉझिट २ लाख, पण मालक म्हणतोय ११ महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट करू आणि दरवर्षी पुढे वाढवू, काळजी करू नका. शिवाय ओळखीतला एक टू बीएचके फ्लॅट स्वस्तात मिळतोय, तो कसा.

सरळ उत्तर: फ्लॅट सोडा, दुकान बहुतेक सोडा, पहिला मजला घ्या, पण ११ महिन्यांवर अजिबात नाही. आता का ते सांगतो, जरा लांबेल.

सीए किंवा वकिलाचं ऑफिस असेल तर टेबल खुर्च्या कंप्युटर टेम्पोत टाकले की दुसऱ्या दिवशी दुसरीकडे काम चालू. आपलं डेंटिस्टांचं तसं नाही, आपण मालकाच्या फरशीखाली पैसे पुरतो. चेअर, कंप्रेसर, एक्सरे, ऑटोक्लेव्ह उचलून नेता येतात, पण खालचं प्लंबिंग, त्यासाठी उचललेली फरशी, वायरिंग, पार्टिशन, सीलिंग हे सगळं तिथंच राहतं आणि दोन चेअरच्या साध्या सेटअपमध्येसुद्धा हा तिथंच राहणारा खर्च काही लाखांत जातो. वर परवाने पत्त्याला चिकटलेले असतात. बायोमेडिकल वेस्टचं एमपीसीबीचं (राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाचं) ऑथोरायझेशन, एक्सरे मशीनचं एईआरबीच्या (अणुऊर्जा नियामक मंडळाच्या) ई-लोरा पोर्टलवरचं रजिस्ट्रेशन, शॉप अ‍ॅक्टची नोंद, जागा बदलली की सगळं पुन्हा. आणि पेशंट तर रूट कॅनलच्या मधल्या सिटिंगला असतात, ब्रेसेसवाले दीड-दोन वर्षं येत असतात. म्हणून आपल्यासाठी जागेत भाड्याच्या आकड्यापेक्षा दोन गोष्टी मोठ्या आहेत, एक म्हणजे चेअरचं पाणी कुठून बाहेर जाणार आणि दुसरी म्हणजे तुम्हाला तिथून कोण, कधी उठवू शकतो.

आधी मुदतीचं बोलू. ११ महिन्यांची पद्धत आली ती रजिस्ट्रेशन टाळायला, कारण केंद्राच्या रजिस्ट्रेशन कायद्यात एक वर्षाच्या वरचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो. पण महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लीव्ह अँड लायसन्स, म्हणजे जागा वापरायच्या परवानगीचा कागद, लेखी पाहिजे आणि रजिस्टर पाहिजे, मग ते ११ महिन्यांचं असो नाहीतर ३ वर्षांचं, आणि ती जबाबदारी मालकावर आहे. म्हणजे ११ महिन्यांनी काहीच वाचत नाही, फक्त तुम्हाला दरवर्षी त्याच्या दारात उभं राहावं लागतं.

मालक ११ महिन्यांवर का अडून बसतात हेही समजून घ्या, सगळे काही लबाड नसतात. जुन्या १९४७ च्या बॉम्बे रेंट अ‍ॅक्टमध्ये भाडेकरू निघायचाच नाही आणि भाडंही वाढायचं नाही, नंतर त्यात दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ ला जे लायसन्सवर जागेत बसलेले होते ते एकदम संरक्षित भाडेकरू झाले. घरात कुणाचं तरी असं दुकान अडकलेलं असतं, ती भीती वडिलांकडून मुलाकडे येते. आजही घराचं लायसन्स संपलं तर मालकाला कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊन तुलनेनं लवकर ताबा मिळू शकतो, पण ते कलम राहण्याच्या जागेपुरतं आहे, दुकान-क्लिनिकसाठी त्याला कोर्टातच जावं लागतं. त्यामुळे त्याच्याशी बोलताना "मी ५ वर्षं मागतोय म्हणजे जागा बळकावणार नाही" हे त्याला पटेल असं बोला. लायसन्सच राहू द्या, लीज मागू नका, लायसन्समध्ये जागेत तुमचा हक्क तयार होत नाही, फक्त वापराची परवानगी असते, आणि मालकाला तेवढंच ऐकायचं असतं.

५ वर्षं म्हणजे ६० महिने मी मुद्दाम म्हणतो. लीव्ह अँड लायसन्सला महाराष्ट्रात ६० महिन्यांपर्यंत स्टॅम्प ड्युटी फक्त ०.२५ टक्के आहे, पूर्ण मुदतीच्या भाड्यावर आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरून जी रक्कम होते तिच्यावर. तुमच्या पहिल्या मजल्याचा हिशोब वाढ न धरता करा: ३५ हजार गुणिले ६० म्हणजे २१ लाख, २ लाख डिपॉझिटचे ५ वर्षांचे १० टक्क्यांनी १ लाख, एकूण २२ लाख, त्याचे ०.२५ टक्के म्हणजे ५,५०० रुपये. शहरात रजिस्ट्रेशन फी १,०००. वर एजंट घरी येऊन ऑनलाइन करतो त्याची फी. इतक्या पैशात ५ वर्षांचा कागद होतो. ६० महिन्यांच्या पुढे गेलात की ड्युटी लीजसारखी लागते, ती जागेच्या बाजारभावाच्या हिशोबानं, तो आकडा ऐकून मालकही नाही म्हणेल आणि तुम्हीही.

त्या ५ वर्षांत लॉक-इन, म्हणजे मुदतीआधी करार मोडता न येण्याची अट, कुणाला लागू हे नीट वाचा. बऱ्याच ड्राफ्टमध्ये लॉक-इन फक्त डॉक्टरला असतो आणि मालक एक महिन्याच्या नोटिशीवर मोकळा. आपल्याला उलटं पाहिजे: मालकाला पूर्ण ६० महिने, भाडं थकलं किंवा जागेचा गैरवापर झाला तरच काढता येईल आणि तेही लेखी नोटीस देऊन चूक सुधारायला १५ दिवस दिल्यावर, आणि तुम्हाला पहिलं वर्ष झाल्यावर ३ महिन्यांच्या नोटिशीवर सोडता येईल. पूर्ण असंच मिळेल असं नाही, ३६ महिन्यांवर तडजोड झाली तर बघा की चेअरचं लोन किती वर्षांचं आहे. बऱ्याच बँका इक्विपमेंट लोन देताना रजिस्टर्ड अ‍ॅग्रीमेंट मागतात आणि मुदतही बघतात, हे मालकाला सांगायला चांगलं कारण आहे, "मी नाही हो, बँक म्हणते".

भाडेवाढ वर्षाला ५ टक्के लिहून टाका, आकडा कागदावर पाहिजे, "परस्पर संमतीने" हा शब्द दिसला की खोडा. रिन्यूअलचं कलम मात्र वकिलाकडूनच लिहून घ्या, कारण ठरावीक मुदतीचं रिन्यूअल त्याच कागदात स्पष्ट लिहिलं तर स्टॅम्प ड्युटी मोजताना ती मुदतही धरली जाण्याचा प्रश्न येतो.

आता ड्रेनेज, आणि हे मी सगळ्यात जास्त तावातावानं सांगतो कारण जागा बघताना लोक खिडकी बघतात, पार्किंग बघतात, आणि टॉयलेट कुठल्या कोपऱ्यात आहे ते बघतच नाहीत. चेअरच्या स्पिटूनचं (चूळ टाकायच्या भांड्याचं) आणि सक्शनचं पाणी उतारानंच जाणार. फुटाला पाव इंच उतार धरा. चेअर जिथं येणार तिथून सांडपाण्याच्या लाइनपर्यंत १६ फूट असेल तर नुसता उतार ४ इंच झाला, त्यात पाइपची जाडी आणि वरची फरशी, म्हणजे जमीन ६ इंच उचलायला लागते. स्लॅब फोडायचा नाही, कुणी प्लंबर "थोडं चॅनल मारू" म्हणाला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. ६ इंच उचललं की सर्जरीच्या, म्हणजे चेअरच्या खोलीच्या, दारात पायरी येते, आपले अर्धे पेशंट कवळीवाले आजी-आजोबा, भूल दिलेलं तोंड घेऊन ती पायरी उतरणार. म्हणून एकतर चेअर टॉयलेटच्या किंवा डक्टच्या (पाइपांच्या उभ्या मोकळ्या जागेच्या) भिंतीजवळ आणायची, नाहीतर आख्खी आतली बाजू उचलून रिसेप्शनमध्येच लांब रॅम्प द्यायचा. तिसरा मार्ग खालच्या माणसाच्या सीलिंगमधून पाइप न्यायचा, पण त्यासाठी खालच्या दुकानदाराची लेखी परवानगी पाहिजे आणि तो उद्या बदलला तर नवा माणूस तुमच्या पाइपखाली मिठाईचं दुकान टाकेल.

दुकानांचा तर प्रॉब्लेम याहून मोठा असतो, बऱ्याच दुकानांत आत ड्रेनेज नसतंच, टॉयलेट मागे कॉमन. बिल्डरनं दुकान म्हणून बांधलंय, त्याला कपडे विकणारा डोळ्यासमोर होता. तुमच्या २२० फुटांच्या दुकानात हे पहिलं बघा. ग्राउंड फ्लोअर आहे म्हणून फरशी फोडून मागच्या चेंबरपर्यंत लाइन नेता येईल का, तर येईल कदाचित, पण मालक आणि सोसायटी दोघांची परवानगी लागेल.

जागा फायनल करायच्या आधी, म्हणजे टोकनच्याही आधी, चेअर कंपनीचा इंजिनिअर आणि तुमचा प्लंबर दोघांना एकत्र त्या जागेत उभं करा. कंपनीकडे जंक्शन बॉक्सचं ड्रॉइंग असतं, पाणी, हवा, ड्रेन, सक्शन, लाइट कुठं येणार ते खडूनं जमिनीवर काढून घ्या. लॅबच्या सिंकला प्लास्टर अडवणारा प्लास्टर ट्रॅप वेगळा, नाहीतर वर्षभरात कॉम्प्लेक्सची लाइन तुंबते आणि नाव तुमचंच निघतं.

कंप्रेसर कुठं ठेवणार हेही तेव्हाच ठरवा. डक्टमध्ये, मागच्या बाल्कनीत, गच्चीवर, कुठेही, पण ती जागा अ‍ॅग्रीमेंटमध्ये लिहिलेली पाहिजे. ऑइल-फ्री असला तरी आवाज होतोच, आणि शेजारी क्लास किंवा समुपदेशन केंद्र असेल तर महिन्याभरात भांडण.

लाइटचं: मीटरवर सँक्शन्ड लोड (मंजूर वीजभार) किती ते बिलावर लिहिलेलं असतं. छोट्या ऑफिसला २-३ किलोवॅट सिंगल फेज असतो. तुमचे दोन एसीच ३ किलोवॅटच्या आसपास खाणार, बी-क्लास ऑटोक्लेव्ह २ च्या आसपास, मग कंप्रेसर, एक्सरे, गीझर. थ्री फेज करून घ्यावा लागेल, आणि मीटर मालकाच्या नावावर असल्यामुळे अर्जावर सही त्याची लागते, ती सही अ‍ॅग्रीमेंटच्या दिवशीच घ्या, नंतर साहेब मुलाकडे अमेरिकेला गेलेले असतात. आणखी एक, महावितरणच्या टॅरिफमध्ये दवाखाने-क्लिनिक कमर्शियलमध्ये नाही तर सार्वजनिक सेवा या वर्गात येतात आणि तो दर कमर्शियलपेक्षा कमी असतो. मीटर आधी दुकानाचा असेल तर वर्ग बदलायचा अर्ज करा. कितीतरी डॉक्टर वर्षानुवर्षं कमर्शियल रेटनं बिल भरतात.

पाण्याचं एवढंच की कॉर्पोरेशनचं येतं की बोअर-टँकरचं ते विचारा आणि उन्हाळ्यात काय होतं ते वॉचमनला विचारा, मालकाला नाही. बोअरच्या जड पाण्यानं स्केलर आणि हँडपीस पांढरे पडतात. चेअरला बॉटल सिस्टीम (पाण्याची वेगळी बाटली) घ्या, ऑटोक्लेव्हला डिस्टिल्डच. आणि वरच्या मजल्यावर तुमच्या डोक्यावर टॉयलेट येतंय का ते बघा, जमलं तर पावसाळ्यात एकदा भिंतींना हात लावून या.

कार्पेटचा आकडा स्वतः टेपनं मोजा. ब्रोकर ६५० सांगतो, कागदावर सेलेबल (भिंती, जिना वगैरे धरून) असतं, आत ४३० निघतात. ४३० मध्ये ९ बाय १० च्या दोन सर्जरी, १०० फुटांची रिसेप्शन, छोटी स्टरिलायझेशन पट्टी, टॉयलेट, आयओपीए (दाताचा छोटा एक्सरे) भिंतीवर, एवढं आरामात बसतं. पुढे ओपीजी (पूर्ण जबड्याचा एक्सरे) किंवा सीबीसीटीचा (थ्री-डी स्कॅनचा) विचार असेल तर त्याला स्वतंत्र खोली आणि शिल्डिंगचा विचार लागतो, जिप्समच्या पार्टिशनवर ते होत नाही, तर कुठली भिंत विटांची आहे ते आत्ताच बघून ठेवा. २२० मध्ये एक चेअर बसते आणि दुसरी कधीच बसत नाही. तुम्ही ऑर्थो (ब्रेसेस) आणि एंडोचे (रूट कॅनलचे) कन्सल्टंट बोलावणार असाल तर एका चेअरवर ते आले की तुम्ही बाहेर बसणार.

आता जीएसटी, कारण इथं डॉक्टर लोक फसतात. आपली ट्रीटमेंट आरोग्यसेवा म्हणून जीएसटीतून मुक्त आहे, सौंदर्यासाठी म्हणून जे करतो ते वेगळं. मुक्त असल्यामुळे आपल्याला इनपुट क्रेडिट, म्हणजे भरलेल्या जीएसटीची वजावट, मिळत नाही. मालक जीएसटी नोंदणीवाला असेल तर तो ३५ हजारांवर १८ टक्के म्हणजे महिन्याला ६,३०० लावणार, ५ वर्षांत ३ लाख ७८ हजार, आणि हे पैसे आपल्या खिशातूनच जाणार. एखाद्या कंपनीला त्याचं क्रेडिट मिळतं म्हणून त्यांना फरक पडत नाही. तेव्हा पहिल्याच फोनवर विचारा, भाडं जीएसटीसकट की वर. आणि तुमचीच नोंदणी असेल तर १० ऑक्टोबर २०२४ पासून नोंदणी नसलेल्या मालकाच्या कमर्शियल जागेवरही रिव्हर्स चार्जनं जीएसटी तुम्हीच भरायचा. टीडीएस भाडं महिना ५० हजारांच्या वर गेलं की बघावं लागतं, तुमच्या दोन्ही जागा आत्ता खाली आहेत, पण ४५ हजारवाली ५ टक्क्यांच्या वाढीनं चौथ्या वर्षी ५० ओलांडते, सीएला सांगून ठेवा.

प्रॉपर्टी टॅक्स मालकाकडे, आणि जागा भाड्यानं दिल्यामुळे वाढला तर ती वाढही मालकाकडे, असं स्पष्ट लिहा. सोसायटी मेंटेनन्स ज्याचं ठरेल त्याचं, सोसायटी असेल तर नॉन ऑक्युपन्सी चार्ज (मालक स्वतः वापरत नाही म्हणून लागणारा) सर्व्हिस चार्जच्या १० टक्क्यांपर्यंत असतो तोही कुणाकडे ते ठरवा. ही किरकोळ वाटणारी भांडणं चौथ्या महिन्यात सुरू होतात.

कागद बघा: इंडेक्स टू (मालकीच्या नोंदणीचा उतारा), भोगवटा पत्र, टॅक्स पावती, लाइट बिल. इंडेक्स टूवर दोन भावांची नावं असतील तर सही दोघांची. मालक परदेशात असेल तर पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी. आणि लोन आहे का हे विचाराच. जागा बँकेकडे गहाण असेल आणि मालकानं हप्ते थकवले तर बँक ताबा घ्यायला येते तेव्हा तुमचं लायसन्स फार कामाला येत नाही, म्हणून गहाण असेल तर बँकेची लेखी संमती. विकली तर नवा मालक उरलेली मुदत पाळेल हेही कलम टाका.

डेंटिस्टांसाठी खास असलेली दोन-तीन कलमं वकील स्वतःहून घालत नाहीत. लायसन्स वैयक्तिक असतं, त्यामुळे कन्सल्टंट आणि असोसिएट इथं प्रॅक्टिस करू शकतात, पुढे पार्टनर आला किंवा क्लिनिक पार्टनरशिपच्या नावावर गेलं तरी चालेल, हे लिहून पाहिजे, नाहीतर "तुम्ही जागा दुसऱ्याला दिली" म्हणून तेच निमित्त होतं. दुसरं, जाताना काय न्यायचं याची यादी मागे जोडा: चेअर, कंप्रेसर, एक्सरे, एसी, मॉड्युलर कॅबिनेट, बोर्ड. आणि "जागा होती तशी परत" या ओळीला "उचललेली फरशी आणि आतलं प्लंबिंग तसंच सोडलं तरी चालेल" असं शेपूट लावा, कारण ६ इंच काँक्रीट फोडून डंपर भरायचा खर्च डिपॉझिटमधून कापला की २ लाखांतलं काय उरेल ते तुम्हीच बघा. तिसरं, फर्निचरच्या कामाचे दीड-दोन महिने भाडं नको. लोक हे मागायला लाजतात. रिकामी पडलेली जागा असेल तर मालक एक महिना तरी सोडतोच. बोर्ड कुठं आणि केवढा तेही त्यातच, खाली जिन्यापाशी एक पाहिजेच. बोर्डावर मराठी देवनागरीत आणि दुसऱ्या भाषेपेक्षा लहान नाही, हा राज्याचा नियम आहे, बनवतानाच तसा बनवा.

लोकेशनबद्दल मी मुद्दाम शेवटी बोलतोय. दिसणं महत्त्वाचं आहे, नाही असं नाही, पण दात दुखणारा माणूस दुकान दिसलं म्हणून चढत नाही, तो कुणालातरी विचारून किंवा फोनवर शोधून येतो. रोडवरच्या दुकानाला १० हजार जास्त देऊन तुम्ही जाहिरात विकत घेताय आणि दुसरी चेअर गमावताय, माझ्या हिशोबात हा तोट्याचा सौदा. शिवाय मेन रोडचं काही खरं नाही, सिंहगड रोडला उड्डाणपुलाचं काम चालू होतं तेव्हा तिथल्या दुकानासमोर गाडी लावायची सोय राहिली नव्हती. संध्याकाळी ७ ते ९ मध्ये दोन्ही जागी जाऊन उभे राहा, आपला धंदा तेव्हाचा, टू व्हीलर कुठं लागते ते बघा. जवळ दुसरा डेंटिस्ट आहे म्हणून घाबरू नका, जवळ चालता जीपी (फॅमिली डॉक्टर) आणि मेडिकल आहे का ते बघा.

फ्लॅटचं म्हणाल तर निवासी इमारतीत डॉक्टरला कुठं आणि किती जागेत दवाखाना चालतो याचे नियम आहेत, आर्किटेक्टला विचारा, पण ते बसलं तरी सोसायटी बसू देईल असं नाही. वापराबद्दल तक्रार गेली की कॉर्पोरेशनची नोटीस मालकाला, त्रास तुम्हाला, आणि फरशीखालचे पैसे तिथंच.

तर आता करा असं. पहिल्या मजल्याच्या मालकाला ६० महिने, त्याच्यावर निदान ३६ चं लॉक-इन, ५ टक्के वाढ आणि फर्निचरच्या कामासाठी एक महिना बिनभाड्याचा एवढं सांगा. ११ महिन्यांवरच अडला तर तिसरी जागा शोधा, दुकानाकडे वळू नका. आणि टोकन द्यायची वेळ आली तर पावतीवर लिहून घ्या की ड्रेनेजची लाइन जोडायला आणि लोड वाढवायला परवानगी मिळाली नाही तर टोकन पूर्ण परत. ब्रोकर म्हणेल आज संध्याकाळी दुसरी पार्टी चेक घेऊन येतीये, येऊ दे.